रिअलिस्टिक प्रो-2004: ऐंशीच्या दशकातल्या रेडिओ स्कॅनरवर आज काय ऐकू येईल?

उत्तरकोलंबस

नमस्कार. मी ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या उत्तरेला राहतो. मे महिन्यात झीनिया गावी हौशी रेडिओवाल्यांचा मोठा मेळा भरतो, ज्याला अजूनही सगळे जण जुन्या सवयीने ‘डेटन’ म्हणूनच ओळखतात. यंदा त्या मेळ्यातल्या जुन्या बाजारातून मी 25 डॉलर देऊन रेडिओ शॅक या दुकानसाखळीच्या ‘रिअलिस्टिक’ छापाचा प्रो-2004 हा टेबलावर ठेवण्याचा स्कॅनर, म्हणजे एकामागून एक वारंवारता तपासत कोणी बोलत असेल तिथे थांबणारा रेडिओ, घेतला. धातूचे जड खोके, समोर अंकांची बटणे, आवाज आणि स्क्वेल्च (खरखर दाबण्याची सोय) यांच्यासाठी फिरवायच्या दोन खुंट्या आणि मागे अँटेनाची जोडणी असे त्याचे रूप आहे. मला बालपणापासून अशा वस्तूंचे आकर्षण आहे. विकणाऱ्या आजोबांनी मात्र पैसे मोजून घेतल्यावर ‘आता यात ऐकण्यासारखे फारसे उरलेले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगून टाकले.

यंत्र सुरू होते आणि खरखर ऐकू येते, परंतु दोन अडचणी आहेत. तीन बटणे जोर लावल्याशिवाय चालत नाहीत, आणि भिंतीतला प्लग काढला की साठवलेल्या सर्व वारंवारता पुसल्या जातात. जाणकारांना माझे प्रश्न असे, की हे यंत्र दुरुस्त करण्याइतके त्याच्यावर आज खरोखर काही ऐकू येते का, की ते कपाटावर शोभेसाठी ठेवावे. आणि दुरुस्त झालेच, तर साताऱ्याला वडिलांकडे नेता येईल का? ते दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर नसला की अस्वस्थ होतात.

सोल्डरवाला

अभिनंदन. पंचवीस डॉलरला प्रो-2004 मिळाला असेल, तर आजोबांनी आपल्याला जवळजवळ फुकटच दिला असे समजा.

स्मृती पुसली जाण्याचे कारण बहुधा अगदी साधे आहे. या यंत्रात वीज नसताना स्मृती टिकवण्यासाठी 9 व्होल्टची एक चौकोनी बॅटरी घालावी लागते. ती तिथे नसेल, किंवा कोणीतरी वीस वर्षांपूर्वी घातलेली तशीच राहिली असेल. बॅटरीचा कप्पा उघडून पाहा. आत पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन संपर्कपट्ट्या पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळल्यावरच नवी बॅटरी बसवा. झिरप तारेच्या आत शिरली असेल, तर बॅटरीची क्लिपच बदललेली बरी.

बटणांसाठी पुढची पट्टी सोडवून संपर्काची जागा अल्कोहोलने पुसावी लागेल. घाई करू नका, कारण जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, आणि तुटलेला खिळा मेळ्यात मिळत नाही. प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, हे आपल्या वडिलांना सांगण्याची गरज नसेल, पण आपल्याला सांगतो.

शंकासूर

क्षमा असावी, पण पोलिसांचे बोलणे आता सांकेतिक झाले, बाहेरच्याला उलगडत नाही, भ्रमणध्वनी डिजिटल झाले, आणि उरलेसुरले सगळे इंटरनेटवर फुकट ऐकता येते. मग या डबड्यावर बॅटरीचा खर्च तरी का करावा?

जुनाजाणता

शंकासूर यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर देण्याआधी हे ‘डबडे’ कुठून आले ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

मी 1974 साली शिकागोला आलो, तेव्हा स्कॅनरमध्ये प्रत्येक वारंवारतेसाठी एक वेगळा क्रिस्टल, म्हणजे त्याच वारंवारतेसाठी कापलेला स्फटिक, घालावा लागे. आठ वाहिन्यांचा स्कॅनर म्हणजे आठ क्रिस्टल. अग्निशमन दलाची वारंवारता बदलली, तर दुकानात जाऊन नव्या क्रिस्टलची मागणी नोंदवायची, पाच-सहा डॉलर मोजायचे आणि तो टपालाने येईपर्यंत कधी कधी काही आठवडे वाट पाहायची. तोवर आग विझून, घर पुन्हा बांधून झालेले असे.

मग 1975 च्या सुमारास इंडियाना राज्यातल्या इलेक्ट्रा कंपनीचा बेअरकॅट 101 आला. त्यात क्रिस्टल घालावे लागत नसत, पण अंकांची बटणेही नव्हती. समोर छोट्या कळांची एक रांग असे. सोबतच्या पुस्तिकेत हवी ती वारंवारता शोधायची, तिच्यासमोर छापलेल्या संकेताप्रमाणे एकेक कळ वर किंवा खाली करायची आणि तो संकेत सोळांपैकी एका वाहिनीत भरायचा. म्हणजे आपण स्वतःच्या बोटांनी द्विमान पद्धतीचा आकडा लिहीत होतो आणि आपल्याला त्याची कल्पनाही नव्हती. त्यानंतरच्या बेअरकॅट 210 मध्ये प्रथमच माझ्या हाती अंकांची बटणे आली. दहाच वाहिन्या होत्या, तरी 1-5-4 असे दाबले की यंत्राला समजते, याचे त्या काळी एवढे अप्रूप होते, की शेजारी ते पाहायला येत.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली युक्ती थोडक्यात सांगतो. वेगवेगळे क्रिस्टल ठेवण्याऐवजी एकच स्थिर क्रिस्टल ठेवायचा. बदलत्या कंपनांच्या दोलकाची (कंपने निर्माण करणाऱ्या भागाची) वारंवारता एका भाजकाने भागायची आणि ती त्या क्रिस्टलशी सतत ताडून पाहायची. दोन्ही जुळेपर्यंत दोलक ओढला जातो आणि जुळला की तिथेच कुलूपबंद होतो. भाजकाचा आकडा बदलला की वारंवारता बदलते, आणि आकडा तर स्मृतीत साठवता येतो. ‘प्रोग्रॅमेबल’ हा शब्द एवढ्याशा भाजकावर उभा होता.

प्रो-2004 बाजारात आला तो 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि त्याच्या 300 वाहिन्या ऐकून आम्हा दहावाल्यांना आपण गरीब असल्याची जाणीव झाली. तीस-तीस वाहिन्यांच्या दहा बँका, म्हणजे गट, 25 ते 520 आणि 760 ते 1300 मेगाहर्ट्झ एवढा पल्ला, आणि एएम, अरुंद एफएम व रुंद एफएम असे तिन्ही प्रकार. त्याची किंमत चारशे डॉलरच्या आसपास होती. मी तो घेतला तेव्हा पत्नीने विचारले होते, की तीनशे ठिकाणी बोलणाऱ्यांचे ऐकून घेणार, तर माझे कधी ऐकणार?

वैनतेया

जुनाजाणता, प्रतिसाद फारच आवडला. माझा या विषयाशी संबंध नाही, तरी एक प्रश्न. स्कॅनर एका वाहिनीवर थांबतो आणि पुढे जातो, ते तो कसे ठरवतो? आणि 520 ते 760 मधला भाग का सोडला आहे?

सोल्डरवाला

वैनतेया, थांबण्याचा निर्णय स्क्वेल्च घेतो. कोणी बोलत नसताना यंत्रातून जी खरखर येते, तिच्यात उंच पट्टीचा गोंगाट भरपूर असतो. एफएमचा सशक्त संदेश आला की तो गोंगाट दबतो. यंत्र गोंगाटाची पातळी मोजते, ती घसरली म्हणजे कोणीतरी बोलत आहे असे मानते, ध्वनिवर्धक उघडते आणि स्कॅन थांबवते. खुंटी फिरवून आपण एवढेच ठरवतो, की किती गोंगाट दबला म्हणजे ते बोलणे मानायचे. खुंटी फार सैल ठेवली तर यंत्र प्रत्येक खरखरीवर थांबते. फार आवळली तर दूरचा क्षीण आवाज कधीच ऐकू येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आतल्या रचनेत आहे. हे यंत्र येणारी प्रत्येक वारंवारता प्रथम सुमारे 610 मेगाहर्ट्झवर नेते आणि मग टप्प्याटप्प्याने खाली आणते. ज्या वारंवारतेवर यंत्राचा स्वतःचाच कारखाना चालू आहे, तिच्या आजूबाजूचे बाहेरून ऐकणे त्याला अवघड जाते. म्हणून मधला पट्टा सोडलेला आहे. अमेरिकेत तो भाग प्रामुख्याने दूरचित्रवाणीचा असल्याने ग्राहकांनीही तक्रार केली नाही.

उत्तरकोलंबस, यंत्र चालू झाल्यावर काही ठरावीक वारंवारतांवर ते विनाकारण थांबेल. अँटेना काढूनही थांबत असेल, तर तो आतल्या दोलकांचा आपसातला संवाद समजावा. त्याला आम्ही ‘बर्डी’ म्हणतो. अशी वाहिनी ‘लॉकआउट’ बटणाने वगळावी.

पश्चिमघाट_ऑस्टिन

माझे काम सार्वजनिक सुरक्षेच्या रेडिओ यंत्रणांशी संबंधित आहे, म्हणून शंकासूर यांच्या मुद्द्यातला खरा भाग आधी मान्य करतो.

जुन्या पद्धतीत पोलिसांची एक वाहिनी म्हणजे एक वारंवारता होती. ट्रंकिंग पद्धत आल्यावर दहा-वीस वारंवारतांचा सामाईक साठा झाला आणि नियंत्रण वाहिनीवरचा संगणक प्रत्येक संभाषणाला त्या क्षणी मोकळी असलेली वारंवारता देऊ लागला. जुना स्कॅनर त्यातले एक वाक्य एका ठिकाणी ऐकतो आणि त्याचे उत्तर दुसरीकडे निघून जाते. 1997 च्या सुमारास ट्रंकिंगचा पाठलाग करणारे स्कॅनर निघाले. प्रो-2004 त्यांच्या बऱ्याच आधीचा आहे. पुढे प्रोजेक्ट 25 नावाचे डिजिटल मानक पसरले. ओहायोची ‘मार्क्स’ नावाची राज्यव्यापी सरकारी रेडिओ यंत्रणा 700 आणि 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत याच मानकावर चालते. उत्तरकोलंबस यांच्या यंत्राचा पल्ला त्या वारंवारतांपर्यंत पोहोचतो, पण तिथे त्यांना माणसाच्या आवाजाऐवजी चक्कीसारखी घरघर ऐकू येईल. त्यावर सांकेतिकीकरणही असेल, तर नवा आणि महागडा स्कॅनरसुद्धा मुका ठरतो. न्यू यॉर्कच्या पोलीस दलाने दीर्घकाळ उघडपणे चालवलेल्या वाहिन्या 2023 पासून सांकेतिक करायला सुरुवात केली, तेव्हा वार्ताहरांनी त्याला विरोध केला, तो याच कारणाने.

आणखी एक बारीक गोष्ट. 1 जानेवारी 2013 पर्यंत 512 मेगाहर्ट्झखालच्या बहुतेक व्यावसायिक आणि सरकारी वाहिन्यांना 25 ऐवजी 12.5 किलोहर्ट्झच्या रुंदीत यावे लागले. अशा वाहिनीचा आवाज जुन्या स्कॅनरवर ऐकू येतो, पण हळू येतो. यंत्र बिघडले असे समजून कोणी त्याचे अवयव बदलत बसू नये.

सोल्डरवाला

हे फार महत्त्वाचे सांगितलेत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका स्कॅनरचे मी ध्वनिवर्धक आणि कपॅसिटर बदलले, तरी आवाज हळूच. दोन शनिवार-रविवार वाया गेल्यावर कळले, की दोष यंत्रात नव्हताच.

रुळावरचा

वरची विघ्ने खरी असली, तरी ‘ऐकण्यासारखे काही उरलेले नाही’ या आजोबांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. पोलीस वगळले म्हणजे जग संपले असे नव्हे.

पहिली गोष्ट विमाने. नागरी विमाने 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये आजही साध्या एएमवर बोलतात. ही पद्धत टिकण्यामागे कारण आहे: एएममध्ये दोघे जण एकाच वेळी बोलले, तर शिट्टीसारखा आवाज होऊन गोंधळ झाल्याचे तिसऱ्याला कळते, तर एफएममध्ये बलवान आवाज दुबळ्याला मुकाट गिळून टाकतो. लष्करी विमानांचा 225 ते 400 मेगाहर्ट्झचा पट्टाही या यंत्रात आहे, आणि डेटनजवळ राइट-पॅटरसन हवाई तळ आहे.

दुसरी गोष्ट हवामान. राष्ट्रीय हवामान सेवा 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्यांवर चोवीस तास अंदाज वाचून दाखवते. चक्रीवादळाच्या दिवसांत इंटरनेट गेले, तरी ते चालू राहते. शंकासूर यांनी ‘सगळे इंटरनेटवर फुकट’ म्हणताना हे ध्यानात घ्यावे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत गोड गोष्ट रेल्वे. अमेरिकेतल्या मालगाड्यांचे बोलणे 160 आणि 162 मेगाहर्ट्झच्या दरम्यान, बहुतांशी अजूनही साध्या एफएमवर चालते. कोलंबसमधून सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न या दोन्ही कंपन्यांच्या गाड्या जातात. चालक सिग्नल पाहून मोठ्याने उच्चारतो, नियंत्रक आदेश वाचून दाखवतो आणि चालक तो शब्दशः परत म्हणतो. रुळाच्या कडेला बसवलेले दोषशोधक, म्हणजे जाणाऱ्या गाडीतले दोष शोधणारी यंत्रे, तर स्वतःच बोलतात, पण त्यांच्याविषयी सांगत नाही. उत्तरकोलंबस यांनी स्वतः ऐकावे.

याशिवाय हौशी रेडिओवाल्यांचे 144 ते 148 आणि 420 ते 450 मेगाहर्ट्झ आहेतच, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 145.800 वर शाळकरी मुलांशी बोलते, तेव्हा ते डोक्यावरून जात असताना साध्या अँटेनावरही स्पष्ट ऐकू येते.

शंकासूर

माघार घेतो. अंतराळ स्थानकाचे कोणी आधी सांगितले असते, तर ‘डबडे’ म्हटले नसते.

मध्यरात्र

या यंत्राची खरी ख्याती वेगळीच आहे, आणि ती कोणी काढली नाही याचे आश्चर्य वाटले. त्याच्या आत डी-513 क्रमांकाचा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) आहे. कंपनीने 800 मेगाहर्ट्झमधला भ्रमणध्वनीचा पट्टा बंद करण्यासाठी तो बसवला होता. डायोडचा एक पाय कात्रीने तोडला, की पट्टा उघडत असे. दुसऱ्या एका जागी डायोड बसवला, तर वाहिन्या 300 च्या 400 होत असत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये मी एकाच्या घरी पाहिले आहे: रात्री जेवणानंतर पाहुण्यांना बसवून लोकांचे फोन ऐकवायचे, ही त्याची करमणूक होती.

वैनतेया

हे वाचून अंगावर काटा आला. आणि यात गंमत काय आहे, ते मला समजले नाही.

मध्यरात्र

मी समर्थन करत नाही, घडले ते सांगितले. त्या काळच्या फोनचे बोलणे साध्या एफएमवर हवेत सोडलेले होते. घरातल्या कॉर्डलेस फोनचेही तसेच. ते ऐकणाऱ्याला दोष देताना ते असे उघडे सोडणाऱ्या कंपन्यांनाही प्रश्न विचारायला हवा. त्यांनी संरक्षण यंत्रात घालण्याऐवजी कायद्यात घातले.

जुनाजाणता

मध्यरात्र, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी अर्धा सहमत आहे. 1986 च्या कायद्याने भ्रमणध्वनीवरचे बोलणे ऐकणे गुन्हा ठरवले, पण फोन मात्र तसेच उघडे राहिले. पुढे 1992 साली आणखी एक कायदा झाला आणि त्यानुसार एप्रिल 1994 नंतर तो पट्टा ऐकू शकणारे, किंवा सहज फेरफार करून ऐकायला लावता येणारे स्कॅनर बनवणे आणि आयात करणे बंद झाले. डी-513 सारखी पळवाट कारखान्यातून येणे त्यानंतर थांबले. म्हणूनच प्रो-2004, 2005 आणि 2006 या भावंडांचे भाव नव्वदच्या दशकात चढले.

पण ऐकणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही. डिसेंबर 1996 मध्ये फ्लोरिडातल्या एका दाम्पत्याने गाडीतल्या स्कॅनरवर एक संभाषण ऐकले आणि ध्वनिमुद्रित केले. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंगरिच आणि त्यांच्या पक्षाचे नेते आचारसंहिता समितीच्या चौकशीविषयी खलबत करत होते, आणि त्यातले जॉन बेनर गाडीतून भ्रमणध्वनीवर बोलत होते. बेनर ओहायोचेच प्रतिनिधी होते, म्हणजे धागाकर्त्याचे राज्यबंधू. ती फीत खासदार जिम मॅकडरमॉट यांच्यापर्यंत आणि तिथून जानेवारी 1997 मध्ये वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. दाम्पत्याने गुन्हा कबूल केला आणि प्रत्येकी 500 डॉलर दंड भरला. बेनर यांनी मॅकडरमॉट यांच्यावर भरलेला दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. एवढ्या मोठ्या लोकांचे फोन निघाले, तेव्हा कुठे सामान्यांना कळले की आपलेही फोन उघडेच आहेत.

पश्चिमघाट_ऑस्टिन

डी-513 विषयी एवढेच जोडतो, की फेब्रुवारी 2008 नंतर अमेरिकेतल्या कंपन्यांवर तो जुना अॅनालॉग फोन चालू ठेवण्याचे बंधन उरले नाही आणि ती सेवा विझत गेली. आज डायोड तोडला, तर घरघरीचा आणखी एक पट्टा मिळेल आणि यंत्राचे मूळपण जाईल. आधीच्या मालकाने तो तोडला आहे का, हे मात्र झाकण उघडल्यावर अवश्य पाहा.

टेम्सकाठी

इकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये स्कॅनर विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागत नाही, परंतु आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणे 2006 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे दुकानदाराने विकावा, आपण घ्यावा, आणि चालू करताना मनाशी ‘मी केवळ हौशी रेडिओ आणि प्रसारणे ऐकणार’ असे म्हणावे. हीथ्रोच्या कुंपणापाशी उभे राहून विमानांचे बोलणे ऐकणाऱ्यांची गर्दी पाहिली, की त्या कायद्याकडे सगळेच जण किती प्रेमाने काणाडोळा करतात ते कळते.

जुन्या यंत्रांना युरोपात एक नवी अडचणही आहे. विमानांच्या वाहिन्यांमधले अंतर इथे 25 वरून 8.33 किलोहर्ट्झवर आले, आणि जुन्या स्कॅनरच्या 5 किंवा 12.5 च्या पायऱ्या तिथे नेमक्या पडत नाहीत. सर्वांत जवळच्या आकड्यावर ठेवले, तर बहुधा काम भागते, कारण जुना स्कॅनर ऐसपैस ऐकतो. फक्त शेजारची वाहिनीही सोबत येते.

गोदाकाठ

मी नाशिकचा आहे आणि माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. उत्तरकोलंबस यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून देतो: कृपया आणू नका.

भारतात 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासूनचे तत्त्व असे, की बिनतारी यंत्र वापरायलाच नव्हे, तर नुसते जवळ बाळगायलाही परवानगी लागते. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यता हवी, हे तत्त्व कायम आहे. आपल्या वडिलांच्या पिढीला घरच्या साध्या रेडिओसाठी टपाल कार्यालयात भरलेले परवाना शुल्क आठवत असेल; ते ऐंशीच्या दशकात रद्द झाले, पण ती सूट प्रसारण ऐकणाऱ्या संचांना होती. 25 पासून 1300 मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे कान लावणारे, बटणांचे खोके सीमाशुल्क अधिकाऱ्याला ‘हा जुना रेडिओ आहे’ असे सांगून पटवणे मला तरी जमणार नाही. पोलिसांचे बोलणे ऐकण्याची मुभा तर आम्हा परवानाधारकांनाही नाही.

वडिलांना खरोखर आवड असेल, तर त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. वयाची किमान अट 12 वर्षे आहे, कमाल काही नाही. दूरसंचार खात्यात नोकरी केलेल्या माणसाला तांत्रिक भाग अवघड जाऊ नये. मोर्स (टिंबे आणि रेघांची संकेतलिपी) मात्र उच्च श्रेणीसाठीच लागते, हेही त्यांना सांगा, म्हणजे ते घाबरून मागे हटणार नाहीत.

सोल्डरवाला

तिकडे नेलाच असता, तरी भिंतीच्या 230 व्होल्टला तो जोडता आला नसता. त्याचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) 120 व्होल्टचे आहे. मागच्या बाजूला 13.8 व्होल्टची वेगळी जोडणी असते, तिच्यावर गाडीच्या बॅटरीने चालतो.

गाडीवरून आठवले. इथेही तो सहज गाडीत टाकून फिरू नका. शेजारच्या इंडियाना आणि केंटकी राज्यांत गाडीत पोलिसांच्या वारंवारता ऐकू शकणारा स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत. हौशी रेडिओ परवानाधारकांना त्यातून सूट आहे.

नवाकोरा

एक प्रामाणिक शंका. तीस-चाळीस डॉलरला संगणकाला जोडायची एसडीआरची (आज्ञावलीवर चालणाऱ्या रेडिओची) कांडी मिळते. 2012 साली लोकांच्या लक्षात आले, की दूरचित्रवाणीच्या स्वस्त कांडीतून रेडिओचा कच्चा संदेश काढता येतो, आणि तेव्हापासून 24 ते 1700 मेगाहर्ट्झपर्यंत सगळे पडद्यावर रंगीत दिसते. ट्रंकिंग आणि प्रोजेक्ट 25 सुद्धा तीच उलगडते. मग दुरुस्तीचा खटाटोप कशासाठी?

रुळावरचा

माझ्याकडे दोन्ही आहेत. कांडीवर मी रेडिओ *पाहतो* आणि स्कॅनरवर *ऐकतो*. कांडी वापरायची म्हणजे संगणक सुरू करा, अद्ययावत होईपर्यंत थांबा, आज्ञावली उघडा, ध्वनीचे साधन निवडा. तोवर गाडी पुढच्या स्थानकावर गेलेली असते. स्कॅनरची खुंटी फिरवली, की तो त्याच क्षणी कामाला लागतो, आणि मी भाजी चिरत असताना तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आपणहून बोलतो. शिवाय विमानतळाजवळ किंवा एफएम मनोऱ्याजवळ स्वस्त कांडी सशक्त संदेशांनी गुदमरते. ज्याला डिजिटल उलगडायचे आहे, त्याने मात्र कांडीच घ्यावी, याबद्दल वाद नाही.

नवाकोरा

भाजी चिरण्याचा मुद्दा निर्णायक आहे. स्वीकारला.

उत्तरकोलंबस

सर्वांचे मनापासून आभार. प्रगतीचा अहवाल देतो.

बॅटरीच्या कप्प्यात खरोखरच एक फुगलेली बॅटरी होती. सोल्डरवाला यांच्या सूचनेप्रमाणे व्हिनेगर आणि अल्कोहोल वापरून पट्ट्या स्वच्छ केल्या. एक पट्टी पूर्ण खाल्लेली असल्याने क्लिप नवी बसवली. काल रात्रभर प्लग काढून ठेवला होता, आणि सकाळी सर्व वाहिन्या जागच्या जागी होत्या. तीनपैकी दोन बटणे आता नीट चालतात. ‘7’ अजून रुसलेले आहे, त्यामुळे 7 असलेल्या वारंवारता भरताना अंगठ्याने जोर द्यावा लागतो. डी-513 चा पाय तुटलेला आढळला. तो मी तसाच ठेवला आहे. मागच्या मालकाच्या रात्री कशा जात असतील, याचा विचार करणेही नको वाटले.

वडिलांशी बोललो. गोदाकाठ यांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. यंत्राविषयी ते काही बोलले नाहीत, परंतु परीक्षेचा अभ्यासक्रम कुठे मिळतो, ते विचारले.

आता ऐकण्याविषयी. खिडकीत तात्पुरती अँटेना लावली आणि विमाने लगेच आली, हवामानाची एक वाहिनी स्वच्छ आली, आणि मार्क्सच्या वारंवारतांवर चक्की आली, अगदी सांगितल्याप्रमाणे. पण शनिवारी पहाटे रेल्वेच्या वाहिनीवर स्कॅनर अचानक थांबला आणि एक यांत्रिक आवाज एकेक शब्द सुटा उच्चारत बोलला: कंपनीचे नाव, मैलाचा आकडा, ‘दोष नाही, दोष नाही’, एकूण आस 428. रुळावरचा, आपण ज्याविषयी सांगितले नाहीत ते हेच असावे. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारले की आस म्हणजे काय. चाकांची जोडी जोडणारा दांडा, असे सांगितले, आणि मग आम्ही दोघांनी कागदावर हिशेब केला. दोन इंजिने धरली, प्रत्येकाचे सहा, म्हणजे बारा वजा केले; उरले 416; एका डब्याचे चार; म्हणजे 104 डबे. ती अंगणात धावत गेली, पण गाडी आमच्या घरापासून दोन मैलांवरून जाते, तेव्हा मोजता काही आले नाही.

रुळावरचा

हिशेब सुरेख आहे, पण ती गाडी कंटेनरची असेल, तर तो चुकेल. कंटेनरचे काही डबे तीन किंवा पाच खोपणांचे (कंटेनर ठेवायच्या भागांचे) जोडलेले असतात आणि दोन खोपणांच्या मधला चाकांचा गाडा सामाईक असतो. पाच खोपणांच्या संचाला वीस नव्हे, बाराच आस असतात. शिवाय इंजिने दोनच होती हे आपण गृहीत धरले आहे. पुढच्या शनिवारी मुलीला घेऊन फाटकापाशी जा आणि स्कॅनर घरी पत्नीकडे सोपवा. आस किती ते तिने फोनवर सांगावे आणि डबे तुम्ही दोघांनी मोजावेत.

उत्तरकोलंबस

मान्य. फक्त ‘7’ दुरुस्त झाल्यावर. त्या वाहिनीच्या आकड्यात तो येतो, आणि पत्नी म्हणते की तिच्या अंगठ्यात तेवढा जोर नाही.